कातळच्या चाहत्यांनी लावलेला कौल

माझ्या नवऱ्याच्या गळ्यावर अख्खा जिल्हा चर्चा करेल असं लग्नाआधी कोणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. आता हसू येत नाही, किळस येते.

यज्ञेश 'कातळ' या बँडचा गायक. पंचवीसेक वर्षांपूर्वी कट्टा गावातल्या चार पोरांनी गिटार, ड्रम आणि मालवणी शब्द एकत्र करून जो धुडगूस घातला, तो गोव्यापर्यंत लोकांनी डोक्यावर घेतला. त्यातला यज्ञेश शेतकऱ्याचा मुलगा, मी शाळेत मास्तरीण. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. बोलणं हळूहळू परत आलं, तेही घोगरं. गाणं काही येईना. मग हा माणूस रोज सकाळी काजूच्या बागेत जाऊन एकच सूर धरून बसायला लागला. शेजारची म्हैस दूध देईना म्हणून तक्रार आली, तरी थांबला नाही. यंदा कसालला, प्लायवूडच्या दुकानावरच्या खोलीत, बँडने नव्या अल्बमचं रेकॉर्डिंग सुरू केलं.

मी ती गाणी ऐकली आहेत. आवाज पूर्वीचा नाही. खालच्या पट्टीतला आहे, मधेच फाटतो, वर तर जातच नाही. पण पूर्वीचा आवाज मला नुसता आवडायचा, हा आवाज पोटात शिरतो. पहिलं गाणं पुरं झालं त्या दिवशी यज्ञेश ऑपरेशननंतर पहिल्यांदा पोटभर जेवला.

आणि मग चाहत्यांना सुगावा लागला.

चाहत्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मी त्यात माझ्या माहेरच्या आडनावाने आहे, हे त्यांना ठाऊक नाही. कोणीतरी लिहिलं, गाणारा गोव्याचा नवीन पोरगा आहे, यज्ञेश फक्त ओठ हलवणार. दुसऱ्याने लिहिलं, जुन्या गाण्यांवरून कॉम्प्युटरने आवाज बनवलाय. दोडामार्गच्या एका शहाण्याने आमच्या नात्यातल्या एका लग्नातला फोटो मोठा करून यज्ञेशच्या मानेवरच्या व्रणाभोवती लाल गोल काढला आणि खाली विचारलं, 'ह्या गळ्यातून काय येतला?' त्यावर दिवसभर वाद. एक गट म्हणे अल्बम आला पाहिजे, दुसरा म्हणे नाव मातीत घालण्यापेक्षा न आलेला बरा. ज्याने गायचं, त्याला विचारावं असं एकालाही वाटलं नाही.

ग्रुपचा म्होरक्या सिद्धेश. कट्ट्याच्या बाजारात त्याचं मोबाईलचं दुकान आहे. हा एक दिवस काजूबिया विकत घ्यायला म्हणून आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आला. यज्ञेशला भाव विचारला, पाऊस विचारला, गुरांची चौकशी केली. मी चहासुद्धा दिला. संध्याकाळी बघते तर यज्ञेशचं बोलणं ग्रुपवर. मेल्याने खिशात फोन चालू ठेवून टेप केलं होतं. खाली लिहिलं होतं, 'आयकलास? आवाज गेलो. खात्री झाली.' कोणी रडणारे चेहरे टाकले, कोणी हसणारे. माझ्या घरचा चहा पिऊन गेला होता तो.

मी यज्ञेशला दाखवलं. तो म्हणाला, "पोरां आसत. गाणी येतली तेवा गप बसतली."

पण पोरं कुठली गप बसायला. दोन्ही गट इतके पेटले की शेवटी सिद्धेशने तोडगा काढला, देवाला कौल लावूया.

आमच्याकडे कौल म्हणजे चेष्टा नव्हे. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. यज्ञेशच्या घरात विहीर कौल घेऊन खणली, त्याच्या बहिणीचं ठरलेलं लग्न कौल घेऊन मोडलं. डाव्या कौलापुढे त्या घरात कोणी ब्र काढत नाही.

आठ-दहा जण देवळात गेले. भाई गुरवाने विचारलं, ज्याचा प्रश्न तो माणूस कुठे आहे? सिद्धेश म्हणाला, "यज्ञेशदादानच धाडल्यान आमका." धडधडीत खोटं, आणि तेही देवासमोर. भाईंनी गाऱ्हाणं घातलं, "यज्ञेशान परत गाणां गावचां काय नाय, तां सांग म्हाराजा," आणि ही पोरं हातात फोन धरून, एकमेकांना कोपरं मारत "व्हय म्हाराजा" करत होती. मला हे सगळं कसं कळलं? त्यांनीच व्हिडिओ टाकला. वर क्रिकेटचा टॉस उडवताना वाजवतात तसं संगीत लावून.

डावी पाकळी पडली.

यज्ञेशने तो व्हिडिओ पाहिला आणि फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी तो कसालला गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बागेतही गेला नाही. मी भांडले. म्हटलं, खोटं सांगून लावलेला कौल, तो कसला कौल?

"देवाक म्हायत होतां मा, खोटां आसा तां," तो म्हणाला. "तरी दिल्यान डावो."

"मग आपण दोघं जाऊ. परत लावू."

तो म्हणाला, "तू बायको माझी. तुका माझां सगळांच बरां वाटता. त्या पोरांका बोलव. ती माझी गाणी आयकान मोठी झाली. त्येंच्यातलो एक जरी म्हणालो, दादा परत लावया, तर मी आत्ता देवळात जातंय."

मला तेव्हा इतकं हलकं वाटलं. दोन माणसं एका मतावर आली असं त्या ग्रुपवर कधी घडलंच नव्हतं. कुठल्या गाण्यात ड्रम चुकला यावर त्यांनी एकमेकांची आई-बहीण काढली होती. म्हटलं, यातला एक तरी भांडेलच. मी स्वतः सिद्धेशला फोन केला.

रविवारी सगळे आले. खळ्यात रांगेने बसले, बँडचे काळे टी-शर्ट घालून. प्राजक्ता नावाची एक मुलगी होती, अल्बम यायलाच हवा म्हणून ग्रुपवर सर्वांत जास्त भांडलेली. माझं सगळं लक्ष तिच्याकडे.

यज्ञेश बाहेर आला. सकाळपासून त्याने गरम पाण्याने गळा शेकला होता, ते फक्त मला माहीत होतं. तो म्हणाला, "कौल तुमी लावलास. माका एक सांगा. तुमका काय वाटता, मी गाणां गांव की नको?"

सिद्धेशने मान खाली घातली. "दादा, देवान दिल्यान तां दिल्यान. आमी कोण सांगणार?"

"परत इचारूक येता," यज्ञेश म्हणाला. मी त्याला इतक्या अजिजीने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "कोणाक वाटत आसात तर."

मी प्राजक्ताकडे बघत राहिले. ती डोळे पुसून म्हणाली, "नको दादा. देवाच्या इरुद्ध कित्याक जावचां? तुमी आमच्यासाठी तेच आसास, जुन्या गाण्यांतले."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी. गेले कित्येक महिने ज्यांनी माझ्या नवऱ्याच्या मानेवरचा एक व्रण दिवसभर चघळला, ती माणसं त्या सकाळी पहिल्यांदा एकमताची झाली.

यज्ञेश हसला, "बरां" म्हणाला. मग सिद्धेशने फोन काढला आणि सगळे त्याच्याभोवती उभे राहिले. कोणीतरी मला म्हणालं, "वयनी, तुमीच काढा फोटो." मी काढला. दोनदा काढायला लागला, कारण पहिल्या फोटोत यज्ञेशचे डोळे मिटलेले होते.