नावांची चौकट

ओडेल म्हणजे मुलखाचा हट्टी माणूस. अकरा वर्षं तुरुंगात काढून आलेला. आता आमच्या वेस्ट बाल्टिमोरमध्ये पोरं एकमेकांवर पिस्तूल काढायला निघाली की मध्ये जाऊन उभा राहतो, नुसत्या तोंडाच्या बळावर. मी अर्लीन, त्याच्या ऑफिसातली कागदपत्रं सांभाळते. हे काम चालतं अनुदानावर. पुढच्या वर्षीचा अर्ज त्या दिवशी पाचच्या आत जायला हवा होता, नाहीतर ऑफिसला कुलूप. चार वाजून गेले तरी एक चौकट रिकामीच होती: ‘ज्यांची भांडणं मिटवली त्यांची नावं.’

“नावं सांग,” मी म्हटलं.

“नाही सांगणार, मिस अर्लीन.”

“अरे देवा! पोलिसांना देतेय का मी?”

“आज अर्जात, उद्या कुणाच्या हातात, कुणी सांगावं? नाव कुठेच जाणार नाही असा शब्द देतो, म्हणून पोरं दार उघडतात. एक नाव फुटलं की संपलं सगळं.”

“ऑफिस बंद झाल्यावर त्या शब्दाचं काय लोणचं घालायचंय?”

माझं डोकं फिरलं होतं. दीड वर्षापूर्वी माझा थोरला, लॅमॉन्ट, न्हाव्याच्या दुकानासमोर गोळी लागून गेला. तेव्हापासून ही माझी नुसती नोकरी राहिली नव्हती.

“माझ्या लॅमॉन्टच्या वेळी कुणी मध्ये पडलं नाही,” मी ओरडले. “दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या वेळी तरी कुणी असावं म्हणून मरतेय ना मी इथे! आणि तू तोंड शिवून बसलायस. जाळ तो तुझा शब्द!”



“मा, त्याला बोलू नकोस.”

दारात माझा धाकटा, क्विन्सी. मला घरी न्यायला आला होता. वीस वर्षांचा घोडा. “माझं नाव लिही.”

“तुझं? तुझा काय संबंध?”

“लॅमॉन्टला पुरलं त्याच आठवड्यात, मा. त्याच्या फोटोचा टी-शर्ट घालून निघालो होतो. पिस्तूल होतं. ज्याने मारलं त्याच्या दारासमोर गाडी लावून बसलो. ओडेल आला आणि शेजारी बसला.”

दीड वर्षं हा माणूस रोज माझ्या हातची कॉफी पीत होता, माझ्या शिव्या खात होता, आणि त्याने ब्र काढला नव्हता. लाज वाटली मला माझ्या जिभेची.

पाचला दहा मिनिटं कमी होती. मी क्विन्सीचं नाव टाइप केलं. ते पडद्यावर दिसलं मात्र, वाटलं, उद्या हे कुणाच्या हातात पडेल? खोडून टाकलं. चौकटीत लिहिलं, ‘नावं मिळणार नाहीत,’ आणि अर्ज धाडला.

“कुलूप लागेल, मिस अर्लीन.”

“लागू दे. फुटपाथवर खुर्च्या टाकू.” मग मी विचारलं, “किती वेळ बसलास रे त्याच्या गाडीत?”

“चार तास.”

“चार तास काय बोलत होतास?”

ओडेलने क्विन्सीकडे पाहिलं. क्विन्सीने मान हलवल्यावरच तो बोलला.

“एकच विचारत होतो. तूही गेलास, तर रविवारी चर्चमधून आल्यावर तुझी आई कुणासाठी रांधेल?”

“मग मी गाडी घरी वळवली, मा,” क्विन्सी म्हणाला.