एका फुटाला एक इंच

मी ट्रक बोलतोय. हसू नका! लांबी बावीस इंच आहे म्हणून मी काही खेळणं होत नाही. खेळण्याला दोरी बांधून ओढतात. मला ओढायची हिंमत आजवर कुणी केलेली नाही. नरसिंग मिस्त्रींनी खऱ्या ट्रकचं माप घेऊन मला बनवलंय, एका फुटाला एक इंच. खऱ्या गाडीला जे असतं ते सगळं माझ्यात आहे, आणि जागच्या जागी आहे. विश्वास नसेल तर चाकांवरच्या कमानीचे पट्टे मोजून घ्या.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला, औशाजवळच्या एका खेड्यातला. त्याआधी नरसिंग लातुरात, व्यंकटरावांच्या कारखान्यात ट्रकच्या बॉड्या बांधायचे. चेसी येते ती नुसता सांगाडा. तिच्यावर लाकडी केबिन, मालाचा हौदा आणि हौद्याच्या उघडत्या फळ्या, म्हणजे फाळके, चढवायचे, हे त्यांचं काम. पण दुष्काळात नवी गाडी घेतो कोण? कारखान्याला कुलूप लागलं. नरसिंग आणि त्यांची बायको केवळाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. तिथं एक दगड निसटला आणि नरसिंगांच्या उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली. ती पुन्हा वाकलीच नाहीत.

सुताराचा उजवा हात तो! माणूस बोलायचाच बंद झाला. केवळाबाई एकटी खडी फोडायची आणि नरसिंग कडेला बसून राहायचे.

त्या कामावर परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची पोती घेऊन कंधारचा एक ट्रक यायचा. हणमंतराव नावाचे ड्रायव्हर होते. एक दिवस बघतात तर गाडीखाली कुणीतरी शिरलेलं.

"कोन हाय रं खाली? आरटीओचा मानूस हाईस का?"

"न्हाई. माप घ्यायलोय," नरसिंग डाव्या हातातली सुतळी दाखवत म्हणाले.

"माप? कशापायी?"

"ह्या गाडीवानी बारकी गाडी करून बघतो. हात इसरलाय का, ते तर कळंल."

हणमंतरावांनी विडी विझवली आणि सुतळीचं दुसरं टोक स्वतः धरलं. पुढच्या प्रत्येक खेपेला ते गाडी सावलीत लावून थांबायचे. नरसिंगांनी काहीच सोडलं नाही. हुकापासून पायदानापर्यंत सगळी मापं कोळशानं घराच्या भिंतीवर उतरली.

सामान मात्र घरातलंच. केवळाबाईनं आहेरात आलेला सागवानी पाट पुढं केला.

"अगं, ह्यो कशाला?"

"बसायला भुई हाय की! घ्या."

केबिन डालड्याच्या डब्याची झाली, आस छत्रीच्या काड्यांचे, टायर फाटक्या चपलांच्या तळाचे. कमानीसाठी बिघडलेल्या गजराच्या घड्याळाची स्प्रिंग कामी आली. सगळं काम डाव्या हातानं, उजव्याच्या तीन बोटांनी नुसतं दाबून धरायचं. सुरुवातीला फार फजिती झाली. माझी पहिली चार चाकं थेट चुलीत गेली. हौद्याचा एक खांब तर त्यांनी चारदा मोडून केला. केवळाबाई वैतागायची, "आवं, दिसतंय का कुनाला तेवढं?"

"एका सुताचा फरक हाय. हितं एक सूत चुकलं की खऱ्या गाडीत दीड इंच चुकलं!"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढ्यासाठी हा माणूस तीन तीन दिवस घालवायचा. मी लाकडाचा असलो तरी सांगतो, अशा हातांखाली घडायला नशीब लागतं.

त्र्याहत्तरच्या दसऱ्याला मी पुरा झालो. पाऊस झाला होता, कारखाना उघडला होता. नरसिंग धुतलेला सदरा घालून लातूरला गेले. तिथल्या मोठ्या मिस्त्रीनं त्यांचा हात बघितला आणि म्हणाला, "राखन करतो का रातीची?" नरसिंग आल्या पावली परतले. पुन्हा त्या दाराची पायरी चढले नाहीत. गावात कुणाची तिफण नीट करून दे, कुणाची बाज ठोकून दे, असे दिवस काढत राहिले. घर केवळाबाईच्या मजुरीवर चालायचं.

मी फळीवर होतो. दर दसऱ्याला नरसिंग मला खाली घ्यायचे, पुसायचे, एक हात ऑइलपेंटचा द्यायचे आणि झेंडूची माळ घालायचे. एका वर्षी लाल, एका वर्षी निळा, एका वर्षी पोपटी. मला नटायला भारी आवडतं, ते कशाला लपवू!

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, बांधकामं निघाली, आणि विटा-वाळू वाहायला ट्रकच ट्रक लागले. व्यंकटरावांच्या कारखान्यात चेसींची रांग लागली आणि नेमका मोठा मिस्त्री काम सोडून गेला. ही बातमी केवळाबाईला रोजगार हमीच्या कामावर कळली. बाजाराला जाते म्हणून ती निघाली आणि टोपलीत मला घेऊन थेट कारखान्यात उभी राहिली.

व्यंकटरावांनी मला हातात घेतलं, उलटं केलं, माझ्या पोटाखाली बघितलं. 

"कोनी केलं हे?"

"आमच्या मालकानं. नरसिंग सुतार. हितंच कामाला होते."

"त्येचा हात तर गेलाय ना, बाई?"

"हात गेलाय," केवळाबाई म्हणाली. "नजर न्हाई गेली."

व्यंकटरावांनी नरसिंगांना बोलावणं धाडलं. अट स्पष्ट घातली. लाकूड कापायला, ठोकायला दोन गडी देतो; आखणी तू करायची. मोठी मापं चेसीवरून, बाकी सगळी या नमुन्यावरून. बॉडी बरोबर बसली तर तू मिस्त्री. चुकली तर पुन्हा तोंड दाखवू नकोस, सागवान फुकट येत नाही.

महिनाभर मी कारखान्यात पाटावर बसून होतो. गडी माझ्यावर पट्टी धरायचे, बारानं गुणायचे आणि फळ्या कापायचे. माझ्यातून एक खराखुरा ट्रक निघत होता! छाती अशी फुगली होती की विचारू नका.

शेवटच्या दिवशी मागचा फाळका लावायचा होता. तो दोन खांबांच्या मधे बसला की हौदा बंद. सगळा कारखाना गोळा झाला. केवळाबाईही येऊन दाराशी उभी राहिली. गड्यांनी फाळका उचलला, लावला, आणि तो अडला. अर्धा इंच मोठा!

"बसंना की हो," एक गडी पुटपुटला.

व्यंकटराव तोंड फिरवून चालू लागले. केवळाबाईनं भिंतीला हात टेकला. मला तर वाटलं, कुणीतरी आत्ताच्या आत्ता मला चुलीत घालावं. नऊ वर्षं जे माप मिरवलं तेच खोटं निघालं होतं.

नरसिंग माझ्यापाशी आले. त्यांनी माझा फाळका उघडला आणि लावून बघितला. तो नेहमीसारखा ठोसा दिल्यावरच लागला. त्यांनी पुन्हा उघडला. कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. पोपटी रंगाचा टवका निघाला, त्याखाली निळा, त्याखाली लाल. ते मोजत गेले आणि एकदम हसायला लागले. दहा वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

"मालक! ओ मालक, थांबा! लाकूड बरूबर हाय. ह्यो दसऱ्याचा रंग हाय! नऊ दसऱ्यांचा!"

खरंच होतं ते. दोन्ही कडांना नऊ नऊ हात रंग चढला होता, आणि गड्यांनी लाकडाबरोबर रंगालाही बारानं गुणलं होतं. नरसिंगांनी माझी कड पटाशीनं खरवडून लाकूड उघडं केलं, नवं माप घेतलं, मोठ्या फाळक्यावर रेघ मारली. "एवढं रंधून काढा." गड्यांनी रंधा मारला, फाळका पुन्हा उचलला. तो खांबांच्या मधे सरळ जाऊन बसला. वर कडी पडली.

"उद्या आठला या, मिस्तरी," व्यंकटराव म्हणाले. 'मिस्तरी' ऐकून नरसिंगांनी मान खाली घातली आणि ते माझ्यावरचा रंगाचा भुगा पुसू लागले.

आता मी म्हातारा झालोय. नव्या बॉड्या लोखंडी येतात, माझं माप कुणाला लागत नाही. येणारेजाणारे मला उचलून म्हणतात, "रिकामपणचा उद्योग दिसतोय कुणाचा तरी." लई राग येतो. एकच विनवणी आहे. कुणी असं काही बारकं, हौसेनं करत बसलेलं दिसलं, तर त्याला रिकामा म्हणू नका.

कारण फाळका बसला त्या संध्याकाळी मी टोपलीतून घरी आलो, आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ मी फळीवरून बघितली आहे. उजाडलं तरी केवळाबाई उठली नव्हती. दहा वर्षं उजाडायच्या आधी खडीवर जाणारी ती बाई गाढ झोपली होती. नरसिंगांनी डाव्या हातानं चूल पेटवली, चहा केला, तिचा कप झाकून उशाशी ठेवला. मग चपला हातात घेऊन, आवाज न करता, ते कामाला निघून गेले.