जोडी सोडायची राहिली

"माझ्या इंजिनाला कोणीतरी हात लावलाय," बाबा म्हणाले आणि त्यांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं.

रविवारची सकाळ होती. नवऱ्याच्या तोंडात टूथब्रश होता, माझ्या हातात ओले कपडे होते आणि सासूबाई वाटाणे सोलत होत्या. उत्तर द्यायला कोणीच मोकळं नव्हतं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, वीज कंपनीत मीटर तपासनीस होते. लोकांच्या घरी जायचं, मीटरचं सील बघायचं आणि तारेत कोणी काही कारभार केला असेल तर त्याला रंगेहाथ पकडायचं, यात त्यांची उमेदीची सारी वर्षं गेली. माणूस निवृत्त झाला, नजर झाली नाही. फ्रिजमधलं दूध, शेजाऱ्यांचं कुत्रं, माझा फोन, सगळ्याकडे ते सील तुटलंय का अशाच नजरेने बघतात. त्यांची एक युक्ती तर घरात इतक्या वेळा सांगून झालीय की भिंतींनाही पाठ असेल. संशय आला की ते मोठ्याने निरोप घ्यायचे, पाय आपटत जिना उतरायचे आणि मग बूट हातात घेऊन अनवाणी वर यायचे. "दार उघडलं की चेहराच सगळं सांगतो," असं म्हणताना ते अजूनही खुलतात.

निवृत्तीनंतर मागच्या खोलीत त्यांनी रेल्वे उभी केली. खोलीभर फळ्या, त्यांवर रूळ, बोगदा, एक चढ, एक स्टेशन. तिला खेळणं म्हटलेलं खपत नाही, मॉडेल म्हणायचं. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप आणि प्रत्येकाला आपापला नंबर. हातातल्या कंट्रोलरवर तो नंबर दाबून चकती फिरवली की तेवढंच एक इंजिन हलतं, बाकीची गप्प उभी राहतात. हिरवं इंजिन म्हणजे बारा नंबर, बाबांचं सगळ्यात लाडकं. नेमकं तेच रुसलं होतं.

"या इकडे, दाखवतो," म्हणून त्यांनी आम्हाला खोलीत नेलं. आई, म्हणजे सासूबाई, स्वयंपाकघरातच राहिल्या. बाबांनी बारा दाबून एक बटण दाबलं. इंजिनाचा दिवा लागला. दुसरं दाबलं. शिट्टी वाजली. मग त्यांनी चकती पार शेवटापर्यंत फिरवली आणि इंजिन जागचं हललं नाही.

"दिवा लागतो, शिट्टी वाजते. म्हणजे मी बोलतोय ते ह्याला ऐकू जातंय. पण हलायचं नाव नाही. ह्याला काय म्हणायचं?"

"सरकारी नोकरी," नवरा ब्रश काढून म्हणाला.

बाबा हसले नाहीत. "काल मी वाचनालयातून लवकर परत आलो आणि सवयीने ह्याच्यावर हात ठेवला. कोमट होतं. मी दुपारभर बाहेर, मग हे कोणासाठी तापलं?" ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुम्ही घरी होतात."

एरवी मला 'अगं' म्हणणारे बाबा संशय आला की 'तुम्ही'वर येतात.

"मी रात्रपाळी करून झोपले होते, बाबा. आणि ती चकती कुठे फिरवायची हेसुद्धा मला माहीत नाही."

"मग आईने चालवलं असेल," नवरा चेष्टेने म्हणाला.

"तिला त्यातलं काय कळतंय? तिचं नाव कशाला घेतोस उगाच!"

स्वयंपाकघरातून शेंगा फुटल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

त्याच दुपारी बाबांनी कपाटातून शिशाचं जुनं सील, तार आणि पकड काढली आणि खोलीच्या कडीला चक्क सील ठोकलं. मला संताप आला. परक्यांच्या घरी आयुष्यभर केलं ते केलं, आता आपल्याच माणसांवर? पण बोलणार कोण! आठवडाभर रोज ते स्वतः सील तोडून आत जात आणि बाहेर येताना नवं लावत. आत जाऊन स्पिरिटने रूळ पुसले, चाकं पुसली, इंजिन उघडून मोटर बघितली. चिपच्या आत कितीतरी नंबरी सेटिंग असतात; सुरुवातीला किती जोर लावायचा, वेग किती हळू वाढवायचा, असलं सगळं तिथे लिहिलेलं असतं. तीही एकेक करून बदलून बघितली. दिवा लागत होता, शिट्टी वाजत होती, इंजिन हलत नव्हतं.

रात्री जेवताना त्या सगळ्याचा अहवाल. तशी ती जुनीच पद्धत होती. पोळीचा घास एका हातात, मॅन्युअल दुसऱ्या हातात, आणि मोठ्याने वाचन. आम्ही कोणी ऐकत नव्हतो. निदान मला तरी तसं वाटायचं.

संशय सर्दीसारखा असतो, घरात एकाला झाला की सगळ्यांना होतो. मलाही झाला. दुपारी "पडते जरा" म्हणून मागे जाणाऱ्या आई आता पुढच्या खोलीत हात बांधून बसून राहायच्या. बारीकसारीक सगळं विचारणाऱ्या आईंनी इंजिनाबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. जेवतानाही त्या बाबांकडे बघत नव्हत्या.

शनिवारी बाबांनी मला हाक मारली. "ये गं, साक्षीदार पाहिजे एक." 'अगं'वर आले होते, म्हणजे मी सुटले होते. रुळाचा एक सुटा तुकडा होता, त्यावर त्यांनी इंजिन ठेवलं. तिथे चिपला प्रश्न विचारता येतात, आणि इंजिन नुसतं थरथरून उत्तर देतं. स्वतःचा नंबर? बारा, बरोबर. पुढे-मागे? बरोबर. मग त्यांनी एकोणिसावं सेटिंग विचारलं.

"हे शून्यच असणार. दोन इंजिनं जोडून चालवायची असली तरच इथे जोडीचा नंबर घालतात. मग इंजिनाचा दिवा-शिट्टी आपल्या नंबरावर चालते, पण चालायचं म्हटलं की ते फक्त जोडीचा नंबर ऐकतं. मी कधी जोडी लावलीच नाही, त्यामुळे..."

इंजिन थरथरलं. कंट्रोलरच्या पडद्यावर सत्तावीस आलं.

बाबा स्टुलावर बसले. मलाही कळायला वेळ लागला नाही. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. बाबा ऑफिसातून ट्रंक कॉल लावायचे तेव्हा पलीकडून आवाज यायचा, "ऑपरेटर सत्तावीस." नाव कळायच्या आधी कितीतरी दिवस ते या नंबराच्या प्रेमात होते. अजूनही स्वारी खुशीत असली की "काय सत्तावीस, चहा मिळेल का?" असं विचारतात.

त्यांनी इंजिन मोठ्या रुळावर ठेवलं, सत्तावीस दाबलं आणि चकती जराशी फिरवली. हिरवं इंजिन निघालं. त्याच क्षणी मागच्या रुळावरून काळं इंजिनही निघालं. हे त्यांनी सगळ्यात आधी घेतलेलं, चढावर दमणारं, म्हणून कायमचं बाजूला ठेवलेलं. ते धूळ खात पडलंय असंच आम्ही समजत होतो. त्याच्यावर धूळ नव्हती.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आईंनी वर न बघताच सांगितलं.

"जोडी सोडायची राहिली. तुम्ही त्या दिवशी लवकर आलात. उभ्या नोकरीत बोलणं संपल्यावर बोर्डावरचा प्लग काढायचा कधी विसरले नाही मी."

"पण तू हे शिकलीस कधी?"

"रोज जेवताना वाचत होतात ना? मग कोणाला वाचून दाखवत होतात?"

"अगं, सांगायचंस की!"

"सांगितलं असतं तर शिकवायला बसला असतात." त्यांनी हात पुसले. "काळं बिचारं एकटं पडून होतं. हिरव्याच्या जोडीला लावलं की चढतं. बाकी मला त्यातलं काय कळतंय?"

कडीला अर्धवट लोंबणारं सील बाबांनी तारेसकट उपटून काढलं. "हे बघ, काढलं. चल, आत्ता चालव."

"आता नको वाटतं," आई म्हणाल्या.

आणि त्या खरंच गेल्या नाहीत. बाबांनी दोन्ही इंजिनं जोडून स्टेशनात उभी केली, कंट्रोलरवर सत्तावीस लावून ठेवलं, दार सताड उघडं टाकलं. आई त्या दारावरून मान खाली घालून जायच्या. मग बाबांनी दुपारी बाहेर जायला सुरुवात केली. "मी चाललो गं! संध्याकाळशिवाय येत नाही!" असं ओरडून पाय आपटत जिना उतरायचे.

"जिन्यात उभे असतील, बूट हातात घेऊन," आई मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यानेच मला जास्त वाईट वाटलं.

मी खाली जाऊन बघितलं. खरंच, जिन्याच्या वळणावर पायरीवर बसले होते. बूट मात्र पायात होते.

"पकडायला बसलात, बाबा?"

"नाही गं. ऐकायला बसलोय. दोघं मिळून चढ चढताना कसा आवाज येतो, मी कधी ऐकलाच नाही."

"आईंना वाटतंय, पकडायला बसलात."

त्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं. "वाटणारच," म्हणाले. मग हळूच विचारलं, "किती लांब जायला पाहिजे?"

"आईंना खिडकीतून जाताना दिसाल आणि मग दिसायचे बंद व्हाल, इतकं."

"तिथून ऐकू नाही येणार."

"नाही येणार."

कठड्याला धरून ते उठले आणि उतरले. या वेळी पाय आपटले नाहीत.

मी वर आले तेव्हा आई खिडकीशी होत्या. बाबांनी रस्ता ओलांडला, औषधाच्या दुकानावरून ते कोपऱ्याला वळले आणि दिसेनासे झाले. एकदाही मागे बघितलं नाही. आई तरी उभ्याच. अनवाणी माणसाला परत यायला जितका वेळ लागेल तितका त्या थांबल्या असाव्यात. मग पदराला हात पुसत मागच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने आवाज आला. एक घुमणारा, एक जरा दम लागलेला, दोन्ही एकाच चालीत चढावर निघालेले. वर पोचल्यावर एक छोटी शिट्टी झाली. मी स्वयंपाकघरातच बसून ऐकलं.

दिवे लागायच्या सुमाराला बाबा आले. बूट काढले, मागच्या खोलीत गेले. दोन्ही इंजिनं स्टेशनात होती, त्यांनी दुपारी ठेवली होती तशीच. सवयीने त्यांचा हात हिरव्या इंजिनाकडे गेला. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या.

हात मध्येच थांबला. मग बाबांनी तो खिशात घातला.

"काय सत्तावीस," ते पाठमोरेच म्हणाले, "चहा मिळेल का?"

आईंनी गॅसवर आधण ठेवलं.