ब्रेकची हवा काढायला दोघं लागतात

दरवर्षी एप्रिलातल्या एखाद्या शनिवारी शेजारचा गेथिन कुंपणापाशी येऊन उभा राहायचा आणि पावसाबद्दल बोलायचा. मग मेंढ्यांबद्दल, मग चॅपलच्या गळक्या छपराबद्दल. टोपी काढायची, आत बघायचं, परत घालायची. मी आपली हातात कपड्यांचे चिमटे घेऊन उभी. आतल्या आत नुसती उकळत असायचे, की अरे बाबा, बोल की एकदाचं!

शेवटी बोलायचा. "एलेरी, तुला वेळ असला तर... म्हणजे अगदीच असला तर... ब्रेकची हवा काढायची होती. पेडल दाबायला कोणीतरी लागतं."

कोणीतरी! त्या शब्दावर मी दरवर्षी जळायचे आणि दरवर्षी तरातरा घरात जाऊन लिपस्टिक लावून यायचे. ब्रेक दाबायला लिपस्टिक. सांगायला आता कसली आलीय लाज?

गेथिन म्हणजे शाळेची बस चालवणारा, पन्नाशीचा, एकटा, मिशीवाला माणूस. स्वतःची एक जुनी हिरवी गाडी, आणि तिच्यावर जीव. आमचं गाव अशा उतारावर आहे, की ब्रेक गेले तर माणूस चॅपल, पोस्ट, दारूचा गुत्ता सगळं ओलांडून थेट समुद्रात. पोस्टाच्या खिडकीत मी बसते, त्यामुळे तो उतार मला दिवसभर दिसतो. तेव्हा मे महिन्यातल्या सरकारी तपासणीआधी गेथिन ब्रेकचं जुनं तेल काढून नवं भरतो आणि नळ्यांत अडकलेली हवा काढून टाकतो, हे मला अगदी शहाणपणाचं वाटायचं.

मी स्टिअरिंगपाशी बसायचे, तो चाकामागे आडवा. मला दिसायचे फक्त त्याचे बूट.

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय रे बाबा."

"सोड!... अगं, आत्ता नको, मी सांगितल्यावर!"

"आत्ताच तर सांगितलंस!"

चार चाकं, अख्खी दुपार. मग त्याच्या पायरीवर बसून चहा आणि मी तव्यावर भाजून नेलेले बेदाण्यांचे केक. अंधार पडेस्तोवर आम्ही बोलायचो, हसायचो, आणि मग तो म्हणायचा, "थँक्यू, एलेरी." संपलं. पुढचे सगळे महिने नुसता हात हलवायचा. माझ्या आयुष्यातली ती वर्षातली सगळ्यात छान दुपार होती, आणि त्याला माझा पाय हवा असतो की मी हवी असते, हे काही केल्या मला कळत नव्हतं. विचारणार कसं? आमच्याकडे माणसं घर जळत असलं तरी आधी हवापाण्याचं बोलतात.

आणि मग मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

झालं असं, की माझी बहीण नेरिस एकदा त्याच दुपारी घरी होती. तिने खिडकीतून त्याचं ते टोपी काढणं-घालणं पाहिलं. "बिचारा गं! एवढं मागायला त्याला मरणाचं लाजायला होतं. आमच्या डिलविनच्या दुकानात एक यंत्र मिळतं, त्याने एकट्यालाच हवा काढता येते. घेऊन दे की त्याला नाताळला. सुटेल तरी बापडा."

मला खरंच कणव आली. वाटलं, माझ्या एका दुपारसाठी मी त्या माणसाला कुंपणावर टांगून ठेवते. नेरिसच्या नवऱ्याने, डिलविनने, दुकानातल्या गाडीच्या सुट्या भागांच्या ढिगातून खोकं शोधून दिलं, मी त्याला लाल रिबीन बांधली आणि नाताळच्या सकाळी गेथिनच्या हातात दिलं.

"हे बघ," मी म्हटलं. अशी हरखले होते म्हणून सांगू! "या बाटलीत नवं तेल भरायचं. ही नळी बॉनेटखालच्या तेलाच्या टाकीवर बसवायची, ही दुसरी स्टेपनीला लावायची. स्टेपनीतली हवाच तेल ढकलते. आपण फक्त चाकापाशी बसून पाना फिरवायचा. पेडल दाबायला कोणी म्हणजे कोणी लागत नाही!"

गेथिनने खोकं उलटंपालटं केलं. "फार उपयोगी आहे," तो म्हणाला.

आमच्याकडे भेट आवडली नाही की लोक असंच म्हणतात. हे मला घरी पोचल्यावर आठवलं. पण म्हटलं, उगाच मनाचे खेळ.

एप्रिल आला. मी एकच धुणं परत परत वाळत घातलं. तो कुंपणाशी आला नाही. एक शनिवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या शनिवारी मी बशा विसळत होते, तर बॉनेट उघडल्याचा आवाज. खिडकीतून बघते तो काय, गेथिन खोकं उघडून बसलेला. रिबीन सोडवून, नीट गुंडाळून, खिशात घालत होता. स्टेपनी शेजारी उभी. एकटाच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे पायच हवा होता तर! पायाला पर्याय मिळाला, पाय गेला उडत. मी एवढी वर्षं लिपस्टिक लावून कोणासाठी बसत होते, ब्रेकच्या त्या मास्टर सिलिंडरसाठी? मला रडू फुटलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मी नेरिसला फोन लावला.

"तुझं ते यंत्र! तुझी ती कणव! जळलं मेलं ते सगळं!"

"अगं, झालं काय?"

"तो एकटा करतोय! ब्रेक! माझ्याशिवाय! आता दरवर्षी एकटाच करणार!"

पलीकडून डिलविनचा आवाज आला. हा माणूस कोणी विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. दुकानातसुद्धा गिऱ्हाईकच बोलत असतं. "दरवर्षी?" तो म्हणाला. "दरवर्षी कोण बदलतं? दोन वर्षांनी बदललं तरी चालतं ते तेल."

"काय?"

नेरिसने फोन त्याच्या तोंडाशी धरला असावा. "गेथिन दरवर्षी नेतो बाटली," डिलविन म्हणाला. "मी त्याला सांगितलं होतं मागे, की अरे, नेलंस की मागच्या वर्षी, कशाला पैसे घालवतोस? तर म्हणाला, माहितीये मला. आणि कानापर्यंत लाल झाला. मी म्हटलं, असेल काहीतरी."

"डिलविन! हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"तू विचारलंच नाहीस कधी," डिलविन म्हणाला.

मी फोन ठेवला की फेकला, आठवत नाही. माहितीये मला! त्याला माहीत होतं! दर एप्रिलात तो धडधाकट, स्वच्छ तेल काढून फेकत होता, का, तर मी येऊन त्याच्या गाडीत बसावं म्हणून! स्वयंपाकघरात मी एक गिरकी घेतली, टेबलाच्या कोपऱ्याने मांडी शेकून काढली, आणि घरातल्या चपलांवरच बाहेर धावले.

कुंपणाशी पोचते न पोचते, तोच बॉनेटखाली "फट्ट!" असा आवाज झाला आणि गेथिनची किंकाळी.

त्या यंत्राची एक खोड आहे. स्टेपनीतली निम्म्याहून जास्त हवा आधी सोडून द्यायची असते, नाहीतर दाब फार होतो. गेथिनला ते ठाऊक होतं, त्याने वाचलंही होतं. पण हा माणूस दर रविवारी चॅपलला जायच्या आधी पाचही टायरांची हवा तपासतो. चांगल्या भरलेल्या टायरमधली हवा मुद्दाम सोडायची, हे काही त्याच्या हातून होईना. थोडीशी सोडली, मग जीव कळवळला, आणि लावली नळी. टाकीवरचं झाकण उडालं ते थेट गुलाबाच्या झुडपात. तेलाचं कारंजं बॉनेटवर, काचेवर, गेथिनच्या टोपीवर, मिशांवर. टायरची नळी त्याने कशीबशी उपटली तेव्हा ते थांबलं.

"रंग!" तो ओरडला. "गाडीचा रंग खातं हे तेल! पाणी!"

मी कुंपणावरून उडी मारली. या वयात! झगा फाटला, फाटू दे. बागेचा पाइप ओढला आणि सोडला धबधबा.

"टाकीत नको! टाकीत पाणी नको!" त्याने टोपी काढून टाकीवर दाबून धरली. "बॉनेट! आधी बॉनेट!"

"बॉनेट गेलं खड्ड्यात! डोळे मिट!" आणि मी पाइप त्याच्या तोंडावर धरला.

"एलेरी! अगं, थंड आहे!"

"असू दे! वळ! मागे पण उडालंय!"

"मागे काही नाही!"

"मी सांगते ना, वळ!"

तो वळला. मग माझ्याकडे बघून हसायला लागला, आणि मग मी. एवढं हसलो, की पाइप सुटला आणि सापासारखा अंगणभर वळवळत आम्हा दोघांनाही भिजवत सुटला. कितीतरी वेळाने मी तो पकडला आणि हातात गच्च धरून उभी राहिले.

"गेथिन," मी म्हटलं, "डिलविन म्हणतो, हे तेल दोन वर्षांनी बदललं तरी चालतं."

त्याचं हसू थांबलं. कान लाल होत गेले, ओले असूनही. "डिलविन फार बोलतो."

"डिलविन? तो नाताळला 'मीठ दे' म्हणाला होता, त्यानंतर आज बोलला! खरं का खोटं?"

टोपी तेलाच्या टाकीवर अडकलेली. हातात फिरवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. "खरं," तो म्हणाला.

"मग यंदा का नाही आलास? मी वाळलेलं धुणं परत परत वाळत घालत होते!"

"तूच तर यंत्र आणून दिलंस. रिबीन बांधून. कोणी म्हणजे कोणी लागत नाही, असं म्हणालीस, आणि केवढी खूश दिसत होतीस! मी समजलो, कंटाळली. नाही म्हणवत नाही म्हणून असं सांगतेय, की बाबा, आता मला मोकळं कर." त्याने मिशीवरून हात फिरवला. "भेट दिलेली वस्तू वापरली नाही तर तुला वाईट वाटलं असतं. म्हणून काढली आज."

अरे देवा! दोन मूर्ख, एक कुंपण आणि एवढा सभ्यपणा! मला त्याला पाइपनेच बडवावंसं वाटलं, इतका तो मला आवडत होता.

"बरं. आता?" मी म्हटलं.

त्याने गाडीकडे पाहिलं, मग आभाळाकडे. म्हटलं, हा आता पावसाबद्दल बोलला, तर मी घर विकून निघून जाईन.

"आता," गेथिन म्हणाला, "टायरची हवा सोडली की चारी चाकं मी एकटा करू शकतो. पेडल दाबायला कोणी लागत नाही. कशालाच कोणी लागत नाही." मग त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं, या माणसाने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "मदत नकोच आहे मला, एलेरी. तू हवी आहेस."

मी पाइप टाकला, दोन्ही हातांनी त्याची कॉलर धरली आणि त्या तेलकट मिशांसकट त्याचा मुका घेतला. रस्त्यावरून कोणीतरी शिट्टी मारली. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ब्रेकचं तेल कडू लागतं. भयंकर कडू! मी परत घेतला.