माझ्या झाकणावरची तीन नावं

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. एक कान वाकडा, कडी गंजकी, आणि स्वभावाने म्हणाल तर पक्की जळकी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

जालन्याच्या मस्तगडात एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. साळूबाईने आपल्या लेकीच्या, दैवशालाच्या लग्नासाठी मला विकत घेतलं. दुकानातच पेंटरने झाकणावर पिवळ्या रंगात 'दैवशाला' लिहिलं. सोबत आलेल्या लेकीला धीर कुठला! तिने ओल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि बोट पिवळं करून घेतलं. त्याच घटकेला मी ठरवलं, ही बाई माझी. तिने माझ्या तळाला वर्तमानपत्र अंथरलं आणि त्याखाली शाळेची टी.सी. ठेवली.

लग्न अंबडकडच्या एका खेड्यात झालं. नवरा सोमेश्वर. त्यांच्यात नवरीचं नाव बदलायची रीत होती. त्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने 'सत्यशीला' लिहिलं आणि आठ दिवसांनी हिरव्या रंगाचा डबा आणून माझ्या झाकणावरही पिवळं नाव झाकून तेच रंगवलं. माझा नुसता तिळपापड झाला! माणूस वाईट नव्हता तो. पण दिवस कलला की ती त्याची वाट बघत दाराकडे डोळे लावून बसायची, आणि मी कोपऱ्यातून तिच्याकडे. चार वर्षांनी मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. ती माझ्या झाकणावर डोकं टेकवून रडली, तेव्हा मला वाटलं, आली बाई परत माझ्याकडे. त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

पुढे दोन वर्षांनी घरच्यांनी तिचं दुसरं लग्न लावलं. जाफराबादकडचा मच्छिंद्र. त्याची पहिली बायको वंदना आजारपणात गेलेली, मागे लहानगी अक्षता. उंबरठ्यावर मच्छिंद्रच्या आत्याने, पुष्पाबाईने, मला अडवलं.

"पेटी भाईरच ठिवा. पहिल्या घरची चीजवस्तू आत न्हाई आणायची."

पहिल्या लग्नातली दैवशाला असती तर मान खाली घालून आत गेली असती. या वेळी तिने मला दारात ठेवलं आणि माझ्यावर ठाण मांडून बसली. "पेटी भाईर तर मी बी भाईर." पाहुणे खोळंबले, चहा गार झाला. शेवटी आम्ही दोघी आत गेलो. त्या दिवशी माझ्याएवढी सुखी पेटी साऱ्या जिल्ह्यात नसेल.

सुख फार टिकलं नाही. मच्छिंद्रने तांदळावर नाव लिहिलं, 'वंदना'! बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तो म्हणाला, "रेशन कार्डावर वंदनाच हाय. बदलायला कोण चकरा मारीत बसंल?" आणि माझ्यावर, हिरव्या नावावरून, निळ्या रंगात 'वंदना' चढलं. चकरा वाचवायला त्याने जिवंत बाईला मेलेल्या बाईचं नाव दिलं.  ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

त्या गावात शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, मिरचीचं बियाणं तयार करतात. कळी उमलायच्या आत चिमट्याने तिच्यातलं नर केसर काढायचं आणि मग दुसऱ्या झाडाचा पराग तिला लावायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. ती मजुरीने जायला लागली आणि तिचा हात असा बसला, की जुन्या बाया तिच्याकडून शिकू लागल्या. बोटाएवढा तो चिमटा ती दोऱ्याने गळ्यात अडकवायची. मित्रांनो, दोन नवरे मी सोसले, पण ही सवत मला सोसवेना. मला आठ-आठ दिवस कुणी उघडत नव्हतं. मी रुसले, गंजले, आणि कडी घट्ट धरून बसले.

आणि नेमकं तेव्हाच तिने स्वतःचं शेडनेट करायचं ठरवलं. बियाणं कंपनीचा माणूस, माऊली, करार लिहायला आला.

"लिहा, वंदना मच्छिंद्र," मच्छिंद्र म्हणाला.

"वंदना वारली," ती म्हणाली. "दैवशाला लिहा."

माऊली चक्रावला. "ताई, आधारवर सत्यशीला हाय, रेशनवर वंदना. दैवशालाचा एखादा कागद दाखवा, मंग बाकीचं बघू. दुपारपर्यंत थांबतो."

तो कागद, तिची टी.सी., माझ्या पोटात होता, आणि कडी उघडेना! तिने खुरपं आणलं. कडीत घालून जोर लावला, तसं खुरपं सटकलं आणि झाकणभर ओरखडे उठले. निळा रंग सुटला, हिरवा सुटला. शेजारी बसलेली अक्षता एकेक अक्षर लावून वाचायला लागली. "दै-व-शा-ला. आई, हे कुणाचं नाव?"

"माझं," ती म्हणाली, आणि कडी तुटून तिच्या हातात आली.

टी.सी. बघून माऊलीने करारावर 'दैवशाला' लिहिलं, तसा मच्छिंद्र फणफणला. "माझं दिलेलं नाव चालंना व्हय तुला?"

"तुमचं नाव राहू द्या माझ्या मागं. पण पुढं माझं पायजे."

तो रागाने बहिणीकडे जालन्याला गेला. ती खचली नाही. रोज पहाटे शेडमध्ये जात राहिली, बाया लावून काम करत राहिली. पंधरा दिवसांनी तो परत आला आणि ओशाळून दारात उभा राहिला. "येऊ का आत?"

"नावानं हाक मारा, मंग या."

 मग तो हळूच म्हणाला, "दैवशाला."

मित्रांनो, खरं सांगते, माझ्या पत्र्याला आग लागली. ते नाव इतकी वर्षं दोन रंगांखाली मी एकटीने जपलं होतं. आता ते नवऱ्याच्या तोंडी, पोरीच्या तोंडी, शेडमधल्या बायांच्या तोंडी. माझं एकटीचं असं काय उरलं?

हंगाम संपल्यावर तिने मला नवी कडी बसवली. कडीला गोडं तेल लावलं, चिमटा फडक्यात गुंडाळला आणि माझ्या तळाशी, टी.सी.शेजारी ठेवला. सवत शेवटी माझ्याच पोटात आली. या वेळी मी कडी घट्ट धरली नाही.

तुमच्या घरी अशी एखादी पेटी असेल, तर तिच्या कडीला वरचेवर तेल घाला. हवा तर नवा रंगही द्या. फक्त ब्रश उचलण्याआधी झाकणावर कुणाचं नाव आहे ते बघा, आणि ती बाई घरातच असेल, तर आधी तिला विचारा.