आबांना खाली आणताना

आई गेल्यावर प्रताप आबांना कोल्हापूरहून टेक्सासला, प्लेनोच्या आपल्या घरी घेऊन आला. पण आबा कुणाला सांभाळू देईनात. सकाळी गराजचं दार उघडून खुर्चीत बसायचे ते संध्याकाळपर्यंत. ताट अर्धं परत यायचं. काही विचारलं तर नुसतं "हूं". उन्हाळा सरता सरता त्यांचा सदरा अंगावर लोंबायला लागला.

"ते त्या खुर्चीतच जाणार आहेत, प्रताप," त्याची बायको नीला म्हणाली. "आणि आपण बघत राहणार."

एका शनिवारी प्रतापला बूट घ्यायचे होते. त्याने आबांना जबरदस्तीनं गाडीत बसवलं. दुकान शिकारीच्या सामानाचंही होतं, काउंटरमागे रायफली टांगलेल्या होत्या. आबांनी बोट करून एक मागितली. हात कापत होते, पण दस्ता खांद्याला टेकला आणि कापरं थांबलं. तरुणपणी दाजीपूरच्या रानात संस्थानच्या पाहुण्यांबरोबर त्यांनी सांबरं, रानडुकरं मारली होती. पुढे बहात्तरच्या कायद्यानं शिकार बंद झाली.

"इथं काय मारतात?" त्यांनी विचारलं.

घरी येईपर्यंत प्रतापचं ठरलं होतं. शिकारीच्या मासिकातल्या जाहिराती बघून त्याने कोलोरॅडोतल्या क्लिफ नावाच्या गाइडला फोन लावला. क्लिफ ऑक्टोबरात लोकांना घोड्यांवरून डोंगरात एल्कच्या शिकारीला न्यायचा. एल्क म्हणजे सांबराचाच थोरला भाऊ, घोड्याएवढा.

"वडील एकाहत्तर वर्षांचे? तब्येत कशी आहे?" क्लिफने विचारलं. "कॅम्प दहा हजार फुटांवर आहे."

"एकदम फिट," प्रताप म्हणाला.

त्याने फोन ठेवेपर्यंत नीलाने वाट पाहिली. "डॉक्टरांना विचार तरी."

"विचारलं तर ते नाही म्हणतील."

"मग?"

"मग काय, नीला? खुर्ची आहेच." त्याचा आवाज चढला आणि तो बाहेर निघून गेला.

त्या महिन्यात आबा जेवायला लागले. शूटिंग रेंजवर प्रतापला श्वास धरायला शिकवू लागले. कोलोरॅडोच्या वाटेवर गाडीत त्यांची टकळी थांबली नाही. कुठला बिबट्या कसा निसटला, कुठल्या पाहुण्याने भलत्याच झाडावर गोळी घातली, सगळं. प्रताप गाडी चालवता चालवता हसत होता आणि मनातून घाबरत होता, कारण इतकं चांगलं चाललेलं त्याला बऱ्याच दिवसांत आठवत नव्हतं.

घोड्यांवरून वर चढले तेव्हा थोडा बर्फ पडला होता. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी आबा तंबूतून शेकोटीपर्यंत आले आणि धापा टाकत खाली बसले.

"उंचीमुळे होतं सगळ्यांना," क्लिफ म्हणाला. "पाणी पाजा."

दुपारी खोकला सुरू झाला. आबा प्रत्येक वेळी तोंड फिरवून रुमाल लावत आणि रुमाल खिशात कोंबत. प्रतापने शेवटी तो खिशातून ओढून काढला. त्यावर गुलाबी फेस होता.

क्लिफने रुमाल पाहिला आणि त्याचा चेहराच बदलला. "फुप्फुसात पाणी भरतंय. आत्ता खाली न्यायला हवं, उशीर नको." त्याने वायरलेस लावून पाहिला. त्या दरीत नुसती खरखर येत होती.

"मी येणार नाही," आबा म्हणाले.

"आबा, तुम्हाला कळतंय का—"

"सगळं कळतंय." एकेका शब्दाला ते थांबत होते. "तुझी आई गेली तशी नळ्या लावून मला जायचं नाही. इथं रान आहे. बंदूक आहे. राहू दे मला."

तेव्हा कुठे प्रतापला उमगलं. म्हातारा जगायला लागला नव्हता, त्याला मरायला जागा सापडली होती. आणि ती जागा शोधून दिली होती पोरानेच.

"मी तुमच्या पाया पडतो, आबा," तो म्हणाला आणि खरंच बर्फात गुडघ्यांवर बसला. आबांनी मान वळवली. मग प्रताप उठला, त्यांच्या काखेत हात घातले आणि लहान मुलासारखं उचललं. ते अगदी हलके झाले होते. आबांनी त्याच्या छातीवर मुठी मारल्या, पण त्यांना जोर नव्हता.

त्यांना खोगिरात बसवून प्रताप मागे बसला, दोन्ही हातांनी त्यांना कवटाळून. पुढे क्लिफ लगाम धरून चालत होता. वाट उभी, निसरडी. आबांच्या छातीत हुक्का गुडगुडावा तसा आवाज येत होता. प्रताप कधी मारुतीस्तोत्र म्हणत होता, कधी आबांना शिव्या देत होता.

पांढऱ्या खोडांच्या अस्पेन झाडांपाशी क्लिफ अचानक थांबला. समोर, दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर, नर एल्क उभा होता. शिंगं फांद्यांना टेकलेली, नाकातून वाफ. घोडा शहारला.

आबांची मान वर झाली. "मार," ते पुटपुटले. "प्रताप, मार."

रायफल खोगिराच्या म्यानात, त्याच्या गुडघ्याशीच होती. ती काढायची तर आबांना सोडावं लागलं असतं, आणि बार झाल्यावर घोडा उधळला असता तर दोघंही दरीत. प्रतापने मिठी आणखी आवळली.

"चल," तो क्लिफला ओरडला. "चल पुढे!"

एल्क दोन ढांगांत झाडीत गेला. आबांनी डोळे मिटले. ते जिवंत आहेत की नाही हे प्रताप पुढे वाटभर त्यांच्या बरगड्यांवर तळहात ठेवून बघत राहिला.

पायथ्याच्या गावात लहानसा दवाखाना होता. ऑक्सिजन लावला. सकाळपर्यंत ओठांचा निळेपणा गेला होता. डॉक्टर प्रतापला म्हणाले, आणखी थोडा वेळ वर राहिले असते तर संपलं होतं.

प्रताप खाटेजवळ गेला. आबांनी मास्क बाजूला केला.

"माझं ऐकलं का नाहीस?"

"तुम्ही हवे होता मला," प्रताप म्हणाला.

आबांचा चेहरा वेडावाकडा झाला. "ती गेली रे," ते म्हणाले, "ती गेली, प्रताप," आणि मोठ्यांदा रडू लागले. आईला अग्नी दिला तेव्हासुद्धा ते असे रडले नव्हते. नर्स धावत आली. प्रतापने हाताने तिला थांबवलं, मास्क पुन्हा त्यांच्या नाकावर बसवला आणि त्यांचं डोकं छातीशी धरून बसून राहिला.