हार्ड डिस्कवरची दोन नावं

"ताई, पुन्हा लटकलं का ते?" रक्तपेढीच्या दारातूनच डॉक्टरीणबाई ओरडल्या. "आत बाळंतीण आहे, रक्तस्राव थांबत नाहीये. ओ निगेटिव्हच्या होत्या त्या दोन्ही पिशव्या लावल्या. दाता शोधा, लवकर!"

ताईंच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीच चौकट आली होती : व्हर्च्युअल मेमरी कमी पडते आहे. रक्तदात्यांची सगळी यादी त्या जुन्या मशीनच्या पोटात, आणि मशीन हूं की चूं करीना.

"कंपनीचा माणूस उद्या येतो म्हणतोय," शिपाईमामा फोन ठेवत म्हणाले.

"उद्या येऊन काय माझं डोकं दुरुस्त करणार? सरका!"

ताई इथल्या कारकून. कॉम्प्युटर आला तेव्हा माउसला हात लावायलाही घाबरायच्या. मग घरी यजमानांनी पुस्तक आणून दिलं आणि रोज एक पान समजेपर्यंत पिच्छा पुरवला.

"हे बघा मामा, स्वतःची मेमरी संपली की हे डिस्कवरची जागा वापरतं. डिस्कच तुडुंब भरली, तर बिचारं पाय कुठे पसरणार?" बोलता बोलता त्यांची बोटं चालत होती. शिबिरांचे हजारभर फोटो त्यांनी दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले. "नुसते भाषण करणारे पाहुणे! इथेही जागा अडवून बसलेत." मग व्हर्च्युअल मेमरीचा आकडा वाढवला आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

यादी उघडू लागली. फायलीचे तुकडे डिस्कभर विखुरलेले; ते गोळा करताना डिस्क नुसती कुरकुरत होती. "चल रे बाबा, चल!" ताई खुर्चीवरून उठूनच उभ्या राहिल्या.

उघडली! ओ निगेटिव्ह : दोन नावं.

"पहिला नंबर लावू?" मामांनी रिसीव्हर उचलला.

"तो नको. खालचा लावा."

मामांनी पहिलं नाव वाचलं आणि खालचा नंबर फिरवला. पहिलं नाव ताईंच्या यजमानांचं होतं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

खालचा नंबर बेकरीतल्या कारागिराचा. तो सायकल हाणत पंधरा मिनिटांत हजर झाला, कोपरापर्यंत पीठ तसंच. तपासणी झाली, पिशवी भरली, मामा ती घेऊन अक्षरशः पळाले.

चारच्या सुमाराला डॉक्टरीणबाई आल्या त्या हसतच. "वाचली हो ताई! मुलगीही ठणठणीत!"

मामांनी टाळीच वाजवली. ताईंनी डोळे पुसले आणि लगेच डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे जुळवायचं काम मशीनला लावून दिलं. पडद्यावर विखुरलेल्या तुकड्यांच्या लाल रेघा एकेक करून निळ्या होऊ लागल्या. मामा स्टूल ओढून सामना बघावा तसे बघत बसले. "आणखी एक गेली, ताई!"

संध्याकाळी मामा घरी गेल्यावर ताईंनी यादी पुन्हा उघडली. कारागिराच्या नावापुढे आजची तारीख घातली. पहिल्या नावापुढे ‘उपलब्ध’च्या रकान्यात अजून ‘होय’ होतं.

त्यांनी ते खोडलं, ‘नाही’ लिहिलं आणि सेव्हचं बटण दाबलं. या वेळी मशीनने क्षणाचाही वेळ घेतला नाही.